उजेड आरपार दिसत नव्हता

पेट्रोल गाडीलाही काजळीचा फिल्टर असतो हे मला गाडी घेऊन दीड वर्ष झाल्यावर कळलं, तेही डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तेव्हा. गाडी सेकंडहँड, बीएस-६ प्रदूषण नियमांतली, टर्बो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी. असलं इंजिन ओढतं चांगलं, पण काजळीचे बारीक कण जास्त सोडतं. म्हणून धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे, सायलेन्सरच्या लाइनमध्ये, हा डबा.

माझी रोजची फेरी नाशकात इंदिरानगर ते सातपूर, सिग्नलमागून सिग्नल. दिवा लागला आणि पिकअपच गेला. उड्डाणपुलाच्या चढावर रिक्षाने मागे टाकलं.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोडमध्ये फिल्टरचं नाव दिसलं आणि निकाल लागला. "साहेब, आतली जाळी फोडू, डबा परत बसवू, ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सॉफ्टवेअर मारू. पस्तीस हजार."

"आणि पीयूसी?"

"पास होणार, टेन्शन नाही."

त्याचं हे म्हणणं खरंच होतं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, कण कोणी मोजत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, हे मला माहीत होतं. तरी नव्या फिल्टरची किंमत ऐकून मी डगमगलो, हे कबूल करतो. "आधी काढून दाखव," एवढंच म्हणालो.

काढणं म्हणजे अर्धा दिवस. गाडी लिफ्टवर, नट गंजून जाम. स्प्रे मारून, गरम करून तीन सुटले, दोन तुटले. ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणली जाऊ नये म्हणून मी खाली उभा राहून पोराला सारखा ओरडत होतो. शेवटी डबा हातात आला. मेकॅनिकने एका तोंडाशी टॉर्च धरला आणि दुसऱ्या तोंडातून मला बघायला लावलं. काळोख.

"बघा, उजेडच येत नाही. फुल चोकअप."

आता यावर काय बोलणार? मी शेजारच्या काकांना फोन केला. काकांची सगळी नोकरी मायको कंपनीत, इंधन फवारणाऱ्या नोझलच्या खात्यात गेलेली. ते स्कूटरवर आले, डबा हातात फिरवला आणि हसले. "अरे, हा नवा कोरा असता तरी उजेड आला नसता." आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं असतात, एक पुढून बंद, शेजारचं मागून बंद. धूर मधल्या भिंतीतून झिरपून जातो, काजळी अलीकडे अडकते. टॉर्चचा उजेड भिंतीतून कसा जाईल? मागचं तोंड त्यांनी बोटाने पुसलं. बोट जवळपास स्वच्छ. "जाळी फुटलेली असती तर हे काळंकुट्ट असतं."

मग त्यांनी डबा बसवायला लावला आणि इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवून स्कॅनर बघायला सांगितला. इंजिनच बंद, म्हणजे फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक शून्य हवा. स्क्रीनवर भलताच आकडा. बिघाड हा दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचा होता. मेकॅनिक काही बोलला नाही, पण आकडा त्याने दोनदा तपासला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

सेन्सर साडेसहा हजाराला पडला. कोड पुसून रविवारी घोटी, इगतपुरी करत कसारा घाट उतरलो. काकांनी बजावलं होतं, गिअरमध्येच ठेव, न्यूट्रल करू नकोस. तापलेल्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल बंद होतं, नुसती हवा फिल्टरपर्यंत पोचते आणि साठलेली काजळी आपोआप जळते. शहरात तेवढी उसंतच मिळत नाही. आता महिन्यातून एकदा हायवेला फेरी असते. बायको म्हणते, फिल्टरचं निमित्त आहे.

बिलात नवं गॅस्केट, दोन नट-बोल्ट आणि एक ओळ होती: फिल्टर काढणे-बसवणे, १,८०० रुपये. दिले.