सायमनसिएला अपडेट: आबांच्या टाळूवर सापडला, माझ्या नाही

मंडळी, टाळूवाला प्रोजेक्ट, म्हणजे तोंडातल्या टाळूवरचे बॅक्टेरिया घरच्या मायक्रोस्कोपखाली बघायचे, सरकला एकदाचा पुढं. ज्याच्या मागं लागलो होतो तो सायमनसिएला नावाचा बॅक्टेरिया दिसला, पण माझ्या तोंडात नाही, आमच्या आबांच्या. तेव्हापासून आबा जो भेटेल त्याला सांगतायत की आमच्याकडं स्पेशल जंतू आहे, आणि शेजारची मावशी विचारून गेली, "तोंडमा किडा पडना का रे भो?"

तर किडा नाही आणि रोग पण नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, जास्त करून वरच्या कडक टाळूवर राहणारा हा बॅक्टेरिया, मात्र प्रत्येकाच्या तोंडात असतोच असं नाही. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात याचे जवळचे भाऊबंद सापडतात. बाकी बहुतेक बॅक्टेरिया आडवे तुटून एकाचे दोन होतात, हा लांबीत उभा विभागतो आणि पेशी एकमेकींना चिकटूनच राहतात, म्हणजे आपल्या केळीची फणी समजा, तशा शेजारी शेजारी. 2022 च्या नेचर कम्युनिकेशन्समधल्या पेपरात मांडलंय की याचे पूर्वज साधे सुटे दांडीसारखे होते आणि हे चिकटून राहणं नंतर आलं.

आता पद्धत. सकाळी ब्रश करायच्या आधी कॉटन बड टाळूवर हलका फिरवायचा, थेंबभर लाळेतच स्लाइड, वर कव्हरस्लिप. रात्रीची शेवभाजी-भाकरी झालेली असेल तर स्टार्चचे दाणे भरपूर दिसतात आणि डोकं खातात, शंका आली की दुसऱ्या स्लाइडवर आयोडीन सोडा, निळं-काळं झालं की समजायचं भाकरी. गालाच्या पेशी मोठ्या, चपट्या, त्यांच्यावर स्ट्रेप्टोकोकस या गोल बॅक्टेरियाचे ठिपके, ते सगळ्यांना दिसतात. सायमनसिएला त्या ठिपक्यांपेक्षा बराच मोठा आहे त्यामुळं 40 च्या ऑब्जेक्टिव्हला (40 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाला) पण कळतो. फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे न रंगवलेल्या पेशी उठून दिसायची खास सोय, माझ्याकडं नाही, परवडत पण नाही, म्हणून कंडेन्सरखाली (स्लाइडवर उजेड टाकणाऱ्या भिंगाखाली) काळ्या कागदाची गोल टिकली लावून डार्कफील्ड केलं, म्हणजे मागचं सगळं काळं आणि जंतू चमकते, आणि खरं सांगू का, या कामाला ते पुरतं.

मजा म्हणजे तो चालतो! चपट्या बाजूवर पडला की काचेवरून हळूहळू सरकतो, कडेवर उभा राहिला की थांबतो. थंड खोलीत हे बघायला स्लाइड गरम ठेवावी लागते म्हणे, इथं भुसावळला मे महिन्यात खोलीच तोंडापेक्षा गरम, उलट स्लाइड वाळू नये म्हणूनच धडपड. कव्हरस्लिपच्या चारी कडांना व्हॅसलिन लावा, नाहीतर फोकस करेपर्यंत सगळं कोरडं. लाइट गेली तर एलईडी पॉवर बँकवर चालतो, ते जमवून ठेवलंय.

ग्रॅम स्टेन, म्हणजे बॅक्टेरिया रंगवून त्यांचे दोन गट पाडायची पद्धत, तो पण केला. सायमनसिएला लाल आला म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, बरोबर आहे, शेजारचे स्ट्रेप्टोकोकस जांभळे, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह. पण स्टेनमध्ये त्याचा चपटेपणा मरतो, मला तरी जिवंतच आवडला.

वापरलेल्या स्लाइडी ब्लीचच्या पाण्यात टाकतोय, घरच्यांची तीच एक अट. पुढं मोबाइल अडॅप्टर लावून सरकण्याचा व्हिडिओ घ्यायचाय, आबा सॅम्पल द्यायला एका पायावर तयार. कुणाकडं फेज असेल तर स्वतःची टाळू तपासा आणि फोटो टाका, डार्कफील्डशी ताडून बघू.