गोलांची क्लिप पाहून कुणी समर्थक होत नाही

सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर लिव्हरपूल-युनायटेडवरून तावातावाने भांडणाऱ्यांत पूर्ण सामना पाहिलेले फार थोडे निघतात. बाकीच्यांनी दोन मिनिटांची गोलांची क्लिप पाहिलेली असते आणि मीम वाचलेले असतात. सांगलीत राहून इंग्लिश क्लबवर जीव लावणं खोटं, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवत नाहीत, लोकांनी मैदानात जावं म्हणून. म्हणजे तीनचा जो सामना तिथल्या माणसाला घरी दिसत नाही, तो आपल्याला दिसू शकतो. मग सबब कसली?

वेळेचा घोळ तेवढा समजून घ्यावा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथले तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. पुढे हिवाळाभर साडेआठ. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचे रात्रीचे मुख्य सामने साडेबाराऐवजी दीडला जातात. सप्टेंबरात लावलेला गजर नोव्हेंबरात तासभर आधी उठवतो, तो यामुळे.

सामना बघताना अधूनमधून बॉलवरची नजर काढावी. दहा मिनिटं फक्त लेफ्ट बॅककडे, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूकडे बघा: आपला संघ चढाईला गेला की तो किती वर जातो, बॉल हुकल्यावर परत यायला त्याला किती वेळ लागतो, मागच्या मोकळ्या जागेत कोण घुसतं. क्लिपमध्ये गोल दिसतो, ही जागा दिसत नाही. ऑफसाइडवरून, म्हणजे बचावफळीच्या पुढे जाऊन पास घेतला का यावरून होणारी निम्मी भांडणंही अशीच: पास मिळताना खेळाडू कुठे होता ते बघतात, बघायचं असतं पास सुटताना. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला तर ऑफसाइड नसतोच.

2021 मध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसच्या क्लबात गेला आणि इकडच्या कित्येकांचा क्लब एका रात्रीत बदलला. खेळाडूवर प्रेम करायला हरकत नाही, पण मग स्वतःला बार्सावाला म्हणवू नये. त्याच वर्षी 18 एप्रिलला युरोपातल्या बड्या क्लबांची वेगळी सुपर लीग जाहीर झाली, आणि समर्थक रस्त्यावर उतरल्यावर 20 तारखेच्या रात्रीपर्यंत तीत सामील झालेल्या सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. याउलट 2018 मध्ये मुंबईत भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, ते बघायला 2,569 माणसं होती. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीला व्हिडिओ टाकून लोकांना बोलवावं लागलं.

आपल्याला तर एवढं लांबही जायचं नाही. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे तालमींचे संघ खेळतात आणि पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. पाहुण्याने गोलपोस्टमागे न बसता मध्यरेषेच्या बाजूला, वरच्या पायऱ्यांवर बसावं. तिथून दोन्ही संघांची मांडणी कळते. दोन्ही समर्थकांचे घोळके कुठे आहेत ते आधी विचारून घ्यावं आणि कुठल्याच तालमीच्या रंगाचा शर्ट घालू नये. शिव्या कानावर पडणारच. दगड-बाटल्या आल्या की सामना थांबतो, आणि ते करणाऱ्याला मी समर्थक धरत नाही, पेठ कुठलीही असो. टोपी, पाणी घ्या. बाद फेरीचा सामना पेनल्टीपर्यंत लांबू शकतो, तेव्हा परतीची एसटी उशिराचीच धरा.