काळजीचा आजार ओळखताना आणि औषध-चाचणीत नाव देण्याआधी

मान-खांदे आखडलेले, रात्री दोनला टक्क जाग, पोट बिघडलेलं. माणूस आधी पित्ताच्या गोळ्या घेतो, मग ईसीजी काढतो. तो नॉर्मल आला की घरचे म्हणतात, 'तुला काही झालेलं नाही, उगाच विचार करतोस.' यातच वर्षं जातात, आणि याचंच वाईट वाटतं. जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डरमध्ये, म्हणजे या काळजीच्या आजारात, काळजीचा विषय बदलत राहतो, आज मुलाची फी, उद्या आईचा रिपोर्ट. काळजी मात्र हटत नाही.

निदानासाठी अशी न आवरणारी काळजी किमान 6 महिने, बहुतेक दिवस असावी लागते. सोबत अस्वस्थता, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू ताठणं आणि झोप बिघडणं यांपैकी मोठ्या माणसात किमान 3 लक्षणं हवीत, आणि त्यापायी कामाचं किंवा घरचं काहीतरी अडत असावं.

जीएडी-7 ही या आजाराची प्रश्नावली पाच मिनिटांत भरून होते. 7 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 21. 5 पासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून तीव्र. 10 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पण ती फक्त मागच्या 2 आठवड्यांबद्दल विचारते. घरात कुणी नुकतंच गेलं असेल तरी आकडा चढतो. तिच्यावरून स्वतःच निदान करू नका. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, दिवसाला सात-आठ कप चहा होत असेल किंवा दम्याचा पंप जास्त वापरला जात असेल, तरीही धडधड आणि थरथर होते. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.

आता चाचणीबद्दल. भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते. नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे स्वतः शोधून पाहा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. ते घरी नेऊन वाचा. 'आत्ताच सही करा' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, आणि त्यावर नैतिकता समितीचा, म्हणजे सहभागी लोकांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर आहे ना, तेही बघा.

नेमकं विचारा: प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, मिळण्याची शक्यता किती? फेऱ्या किती, प्रवासखर्च कोण देणार? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का? मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार तुटता कामा नयेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चालू गोळ्यांचा. पात्र ठरावं म्हणून लोक एस्सिटालोप्राम किंवा क्लोनाझेपाम या काळजीवरच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करतात. पहिली एकदम सोडली की चक्कर, मळमळ आणि डोक्यात झटके आल्यासारखं होऊ शकतं. दुसरी बरेच दिवस घेतलेली असेल आणि एकदम सोडली तर फिटही येऊ शकते. डोस कमी करायचा तर तो तुमच्या डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्यानं. चाचणीत असा किंवा नसा, जीव नकोसा वाटू लागला तर त्याच क्षणी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.