मिचेलचा ड्रायव्हर: शाफ्टचं गणित एकदाचं सुटलं

मंडळी, शाफ्ट, म्हणजे गोल्फ क्लबचा दांडा, जमला! मागच्या अपडेटमध्ये जुन्या काळचा इंग्लिश गोल्फपटू एब मिचेल याच्या छोट्या पुतळ्याच्या मुठी तयार होत्या, पण मुठीत द्यायला काहीच नव्हतं. आता ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) हातात आलाय, आणि एवढ्या उन्हाळ्यातही तो सरळ राहिलाय.

अडचण नव्यांसाठी थोडक्यात. हिकरीच्या लाकडी दांड्याचा खरा ड्रायव्हर साधारण ४३ इंच, म्हणजे आपल्या १:१६ च्या प्रमाणात ६८ मिमी. जाडी मुठीपाशी जेमतेम एक मिलिमीटर आणि मानेकडे, म्हणजे क्लबच्या डोक्याजवळ, त्याच्या निम्मी. हा टेपर (निमुळतेपणा) नसेल तर हिकरी दिसतच नाही, मिचेलच्या हातात सळई दिल्यासारखं वाटतं. पितळी तार कानशीने निमुळती करायला गेलं की वाकते. तापवून ताणलेल्या स्प्रूला (मॉडेल किटच्या चौकटीच्या प्लास्टिकला) टेपर छान येतो, पण काही दिवसांत तो मान टाकतो. बांबूचे तंतू सुटतात. ‘रेडी टेपर्ड रॉड’ म्हणून एका ऑनलाइन दुकानाने जे पाठवलं, ते दोन्ही टोकांना सारख्याच जाडीचं निघालं. परतीचा खर्च वर माझ्याच माथी!

शेवटी उत्तर घरातच सापडलं: खराट्याचा हीर. निसर्गतःच निमुळता, रंगाने तपकिरी, आणि रेषाही लांबीच्या दिशेने. मात्र वापरलेल्या खराट्याचा घेऊ नका, तो वाळून ठिसूळ झालेला असतो. ताज्या झापाचा काढून सावलीत सुकवायचा. ४०० नंबरचा पॉलिशपेपर दुमडून चिमटीत धरायचा आणि हीर जाड टोकाकडून बारीक टोकाकडे ओढत राहायचा. उलटा ओढला की साल उचकटते. ड्रिलच्या चकमध्ये फिरवण्याचा मोह टाळा, नेमका मानेशी तुटतो. माप जवळ आलं की पातळ सुपरग्लू मुरवायचा आणि ६०० नंबरने शेवटचा हात. वर शेलॅकचा एक पातळ कोट दिला की वेगळा रंग लागत नाही.

टेपरमुळे शाफ्ट मुठींत वरूनच घालावा लागतो, बारीक टोक आधी. त्यामुळे क्लबचं डोकं नंतरच चिकटतं. मानेवरचं दोऱ्याचं वेष्टन रेशमाच्या एका पदराला मेण लावून गुंडाळलं. ते भिंगातून पाहताना जो आनंद झाला तो घरच्यांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून इथे सांगतोय. ग्रिपला सिगारेटचा कागद. या मापाला मास्किंग टेप म्हणजे गोणपाट.

‘रायडर कपच्या झाकणावरचा मिचेल का नाही?’ असं बरेच जण विचारतात. तेव्हाच्या ब्रिटन-अमेरिका सांघिक गोल्फ सामन्यांच्या त्या चषकावर तो सोन्यात घडून झालाय, मी पुट्टीत पुन्हा कशाला घडवू? सेंट ऑल्बन्सचे बियाण्यांचे व्यापारी सॅम्युअल रायडर यांनी १९२५ मध्ये त्याला खासगी शिक्षक म्हणून ठेवलं आणि पुढे चषकावर बसवलं. पण १९२७ च्या पहिल्या सामन्याच्या वेळी अपेंडिक्सने घात केला आणि संघ त्याच्याविनाच अमेरिकेला गेला. १९२९, ३१, ३३ ला मात्र तो खेळला. शेवटच्या वेळी वयाच्या ४६व्या वर्षी त्याने ऑलिन डुट्राला ९ आणि ८ ने (आठ होल बाकी असतानाच नऊ होलच्या आघाडीने) लोळवलं. मॅच प्ले अजिंक्यपदही तीनदा मिळवलं: १९१९, १९२०, १९२९. ब्रिटिश ओपन स्पर्धा मात्र एकदाही नाही.

म्हणून मला १९२० च्या ओपनमधला, डीलच्या मैदानावरचा मिचेल हवा. दोन फेऱ्यांनंतर तो १४७ फटक्यांवर, प्रतिस्पर्धी जॉर्ज डंकन १६० वर; गोल्फमध्ये कमी फटके तो पुढे. तेरा फटक्यांची आघाडी! तिसऱ्या फेरीत डंकनचे ७१, मिचेलचे ८४, आणि दोघे बरोबरीत २३१. अखेर डंकन ३०३ वर विजेता, मिचेल ३०७ वर चौथा. आघाडी घालवणारे पुष्कळ झाले, पण एका फेरीत तेरा फटके?

मूळ बेत फॉलो-थ्रूचा, म्हणजे फटका मारून झाल्यावरच्या पोझचा होता. हे लिहिता लिहिता तो मला खटकायला लागलाय. त्या दिवशी मिचेल तिसरी फेरी सुरू करायला आला, तेव्हा डंकन आपली ७१ ची फेरी संपवत होता. म्हणजे खरं नाट्य फटक्याआधीच घडलंय. हात अजून खांद्याशी पिनवरच आहेत, चिकटवलेले नाहीत. ते खाली आणून ॲड्रेसची, म्हणजे फटक्याआधी चेंडूपाशी उभं राहण्याची पोझ देता येईल. मिचेलचं डोकंही सुटं आहे, ते चेंडूवरून उचलून अठराव्या ग्रीनकडे वळवायचं. कॉलर कापून पुन्हा बसवावी लागेल, डाव्या बाहीच्या चुण्या नव्याने कोराव्या लागतील, पण मुठींना हात लावायची गरज नाही. बेसही लहान होईल: टीचा (फेरी सुरू करायच्या जागेचा) तुकडा आणि थोडं लिंक्सचं, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाचं गवत. त्यासाठी काथ्या बारीक कातरून बघतोय.

आता प्रश्न ट्वीडच्या जॅकेटचा. १:१६ वर हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी वीण) ब्रशने काढायचं, की नुसत्या ठिपक्यांवर भागवायचं? कुणी केलं असेल तर फोटो टाका. सल्ला मिळेपर्यंत जॅकेटला प्रायमर मारत नाही.