चाळीस गुढ्या आणि एक ग्लू गन

लेक गर्ल स्काउट्समध्ये आहे, ब्राउनी, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या पोरी. न्यू जर्सीत येऊन मला बारा वर्षं झाली पण 'स्वॅप्स' हा प्रकार आत्ता कळला. हाताने केलेली बोटभर वस्तू, तिला सेफ्टी पिन, आणि कॅम्पला गेलं की दुसऱ्या ट्रूपच्या मुलींशी अदलाबदल. मिळालेल्या सगळ्या टोपीला नाहीतर व्हेस्टला टोचायच्या. कुणी पुढे केली की नाही म्हणायचं नाही, मग ती कितीही बेढब असो.

बाकीच्या पोरी फोमच्या इवल्याशा स्लीपिंग बॅगा करत होत्या, पाच मिनिटांत एक. आमच्या बाईसाहेबांना गुढी हवी. आणि चाळीस!

मग काय, टूथपिकची टोकं नेलकटरने उडवली, माझ्या जुन्या खणाच्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या कापल्या, काठ नेमका दिसायला हवा म्हणून तीनदा कापल्या, आणि वर कलश म्हणून मण्याला लावतात ती सोनेरी वाटी चिकटवली. अकरा झाल्यावर लेक म्हणते, "आई, आजीकडे कलश उपडा असतो ना?" मी गप. अकराच्या अकरा वाट्या उचकटून पुन्हा लावल्या, त्यात ग्लू गनचा चटका अंगठ्याला. मुलींनी स्वतः करायचं असतं म्हणे, हो का!

कॅम्पला सोडायला गेले तेव्हा ट्रूप लीडरने विचारलं इंडियात कुठून, म्हटलं पुणे, तर ती एकदम, "संगम!" मला वाटलं मुळा-मुठेचा, हिला कसा माहीत? तर गर्ल गाइड्स आणि स्काउट्सची जगात फक्त पाच वर्ल्ड सेंटर आहेत त्यातलं संगम पुण्यात, १९६६ पासून, आळंदी रोडला. मी त्या रस्त्याने कॉलेजला जायचे हो, रोज! कधी मान वळवून पाहिलं नाही, आणि जी बाई भारतात एकदाही गेली नाही ती मला विश्रांतवाडी सांगतेय.

गुढ्या सगळ्या खपल्या. एका मुलीने विचारलं हा कुठल्या देशाचा फ्लॅग, तर लेकीने सांगितलं आमचं न्यू इयर आहे, त्यादिवशी कडू पाला खातात. तरी तिने घेतली.

घरी फोटो बघताना लक्षात आलं, एक सरळ कलशवाली माझ्या हातून सुटलीच होती. ती लीडरच्या टोपीला, अगदी समोर.