पहिला ड्रोन घेण्यापूर्वी तो काट्यावर ठेवा

मित्राने ड्रोन घेण्याचा विचार बोलून दाखवला की मी त्याला आधी वजन विचारतो: बॅटरी, पंखे आणि मेमरी कार्ड घालून उड्डाणाच्या तयारीत असताना ते यंत्र काट्यावर किती भरते? बहुतेकांना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तोंडपाठ असतात, वजनाकडे मात्र कोणी पाहिलेले नसते. तीन वर्षांपूर्वी मीही पाहिले नव्हते, आणि त्या चुकीपायी आधी पैसे गेले, मग उसाच्या फडात दोन संध्याकाळी गेल्या.

बाजारातल्या पुष्कळ छोट्या ड्रोनचे वजन नेमके २४९ ग्रॅम असते, त्याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेत २०१५ साली हौशी ड्रोनच्या नोंदणीचा प्रश्न आला, तेव्हा आकाशातून पडलेली वस्तू माणसाला किती इजा करू शकेल याचा हिशेब मांडून २५० ग्रॅमची रेषा आखण्यात आली. भारतात डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनीही तीच रेषा धरली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ठरला. कंपन्यांनी या रेषेच्या आत बसण्यासाठी किती आटापिटा केला, हे डीजेआय या चिनी कंपनीच्या २०१९ च्या मॅव्हिक मिनीवरून कळते. हा ड्रोन इतर देशांत २४९ ग्रॅमचा होता. जपानमध्ये मात्र त्या वेळी २०० ग्रॅमची मर्यादा होती, म्हणून तिथे तोच ड्रोन लहान बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा करून विकला गेला आणि त्याची उडण्याची वेळ तीस मिनिटांवरून अठरा मिनिटांवर आली. पुढे २०२२ मध्ये जपानने मर्यादाच १०० ग्रॅमवर आणली, तेव्हा ती सगळी कसरत वाया गेली.

हौशी माणसाला आपल्याकडे याचा थेट लाभ होतो. नॅनो ड्रोन उडवण्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही आणि त्या ड्रोनला प्रकार-प्रमाणपत्राचीही, म्हणजे त्या मॉडेलला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेचीही, सक्ती नाही. मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी वापरायचा नसेल तर पायलट प्रमाणपत्र त्यालाही लागत नाही, पण प्रकार-प्रमाणपत्राची अट त्याच्यापासून सुरू होते. तरीही नॅनोला काहीच नियम नाहीत असा जो समज दुकानदार पसरवतात, तो चुकीचा आहे. सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे नॅनोलाही आवश्यक आहे, आणि नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पंख्यांभोवतीची संरक्षक जाळी किंवा रात्री दिसणारा दिवा चिकटवला की तो त्याच क्षणी नॅनो राहत नाही. मी माझा ड्रोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला आणि हौसेने आणलेला लाल स्टिकर काढून टाकला.

आता उसाच्या फडाची गोष्ट. आमचे गाव कराड तालुक्यात आहे. वडिलांनी पाडलेली विहीर, तिच्या चारी बाजूंचा ऊस आणि मागचा डोंगर एकाच चौकटीत वरून टिपावा, एवढीच माझी इच्छा होती. ऑनलाइन बाजारात पाच हजारांच्या आसपास ‘४के ड्युअल कॅमेरा’ अशा जाहिरातीचा एक ड्रोन मिळाला. घराच्या अंगणात तो शहाण्यासारखा उडाला. दुसऱ्या दिवशी शेतात तो विहिरीच्या वर गेला, पश्चिमेकडून वारा आला, आणि मी रिमोटच्या दांड्या कितीही ओढल्या तरी तो शांतपणे वाहत जाऊन दहा फूट उंच उभ्या आडसाली उसात दिसेनासा झाला. उसाच्या फडात हरवलेली वस्तू शोधणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. पाने अंग कापतात आणि दोन सऱ्या ओलांडल्या की आपण कुठून शिरलो हेही कळत नाही. तो ड्रोन अखेर जानेवारीत तोड सुरू झाल्यावर टोळीतल्या एका बाईंना सापडला आणि त्यांनी तो पाचटासकट आणून दिला. बॅटरी फुगलेली होती, पण मेमरी कार्ड शाबूत होते. संगणकात घालून पाहिले तर ‘४के’ म्हणून विकलेल्या त्या कॅमेऱ्याची मूळ फाइल होती १२८० गुणिले ७२० बिंदूंची, आणि तीही पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरणारी.

त्या फाइलमुळे माझी पुढची निवड सोपी झाली. वरून घेतलेले चित्र चांगले दिसते ते मुख्यतः कॅमेरा स्थिर असल्यामुळे, आणि ते काम गिंबल करते. गिंबल म्हणजे कॅमेरा ज्यावर टांगलेला असतो ती छोट्या मोटरींची चौकट. ड्रोन वाऱ्याने उजवीकडे कलला की चौकट कॅमेऱ्याला तेवढेच डावीकडे फिरवते आणि क्षितिज सरळ राहते. तीन अक्षांचा गिंबल तिन्ही दिशांचे हेलकावे पुसतो. एकाच अक्षाचा असेल तर उरलेले काम सॉफ्टवेअर करते, म्हणजे चित्राच्या कडा कापून मधला भाग जागेवर धरून ठेवते. अवघ्या १३५ ग्रॅमच्या डीजेआय निओमध्ये हा दुसरा मार्ग आहे, आणि अंगणात मुले खेळताना टिपण्यासाठी तो पुरतो. डोंगरावरच्या वाऱ्यात पुरत नाही. खेळण्यातल्या ड्रोनला गिंबलच नसतो, कॅमेरा थेट अंगाला चिकटवलेला असतो, मग त्यावर ४के लिहा की ८के. माझे मत विचाराल तर तीन अक्षांचा गिंबल आणि साधे फुल एचडी चित्रण हे गिंबलविना ४केपेक्षा केव्हाही सरस आहे.

त्यानंतर मोटर आणि उपग्रह. स्वस्त ड्रोनच्या मोटरींत ब्रश असतात, ते घासत जातात आणि काही तासांच्या उड्डाणानंतर ताकद उतरते. ब्रशलेस मोटर पुष्कळ टिकते आणि वाऱ्याला तोंड देते. ड्रोनमध्ये जीपीएस असेल तर दांड्या सोडल्यावर तो हवेत जागच्या जागी थांबतो, आणि रिमोटशी संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली तर निघाला होता तिथे स्वतः परत येतो. माझा पहिला ड्रोन वाहून गेला तो वाऱ्यामुळे म्हणण्यापेक्षा जीपीएस नसल्यामुळे, कारण आपण सरकतो आहोत हे त्याला कळतच नव्हते. काही ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमिनीचा पोत पाहून जागा धरतात. ही युक्ती फरशीवर छान चालते, पण हलत्या पाण्यावर फसते. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सूर्यास्त टिपण्याचा मोह कोणालाही होईल, मात्र पाण्याच्या अगदी जवळ उतरवलेला ड्रोन लाटांनाच जमीन समजून त्यांच्याबरोबर सरकू लागतो.

आता मुख्य अडचण सांगतो. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच अपवाद ठेवला, आणि सुटे भाग आणण्यास मोकळीक दिली. त्यामुळे परदेशी परीक्षणांत ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणून ज्यांची नावे येतात, ते डीजेआय मिनी ४के किंवा निओ आपल्याकडे सरळ मार्गाने दुकानात येत नाहीत. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या भाच्याला सामानातून आणायला सांगणे हा आपल्याकडचा हमखास उपाय असला तरी बंदी त्यालाही लागू होते, आणि विमानतळावर यंत्र जप्त झाले तर भाच्यालाच मनस्ताप.

मग उरतात दोन मार्ग. पहिला म्हणजे भारतात तयार झालेला २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन. यात खरोखर गिंबल आणि जीपीएस असलेला ड्रोन कोणता आणि खेळण्यावर तिरंगा छापून विकलेला कोणता, हे वर सांगितलेल्या कसोट्यांवर घासून पाहावे. दुरुस्ती कुठे होते आणि सुटे पंखे मिळतात का, हे विकत घेण्यापूर्वी फोन करून विचारावे; फोन उचललाच गेला नाही तर तेही उत्तरच आहे. उडणे समजून घेण्याचीच ज्यांना हौस आहे, विशेषतः घरात आठवी-नववीतली मुले असतील तर, आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या द्रोणा एव्हिएशनचा प्लुटो हा हाताने जोडायचा छोटा ड्रोन मला फार आवडतो. त्यातून सुंदर चित्रणाची अपेक्षा करू नये, पण तो पडला तर भाग बदलून पुन्हा उभा करता येतो, आणि पडणे हाच पहिला महिनाभराचा अभ्यासक्रम असतो.

दुसरा मार्ग सेकंडहँड ड्रोनचा, आणि मी तोच घेतला. एका सहकाऱ्याने आयातबंदीच्या आधी पक्क्या बिलाने घेतलेला २४९ ग्रॅमचा डीजेआय मिनी २ मला चाळीस हजारांच्या आत मिळाला. त्याला नोंदणी क्रमांक होता, आणि मालकी बदलल्याची नोंद डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर करता आली. ज्याच्याकडे बिल आणि क्रमांक नाहीत असा ड्रोन कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये, असेच मी सांगेन. व्यवहारापूर्वी मैदानावर नेऊन तो दहा मिनिटे हवेत थांबवून पाहावा, ॲपमध्ये बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते वाचावे, ड्रोनच्या हातांवर (पंखे ज्यांच्या टोकाला असतात त्या दांड्यांवर) बारीक भेगा आहेत का ते उन्हात धरून बघावे, आणि ड्रोन आधीच्या मालकाच्या खात्याशी जोडलेला असल्यास तो त्याच्याकडून समोरच सोडवून घ्यावा. बॅटरी किंचितही फुगलेली असेल तर तिची किंमत शून्य धरून सौदा करावा.

अंदाजपत्रक मांडताना ड्रोनच्या किमतीच्या वर आणखी पाव रक्कम बाजूला ठेवावी लागते. कंपनी जी तीस-एकतीस मिनिटे सांगते ती वारा नसतानाची असतात. मला प्रत्यक्षात वीस-बावीस मिनिटे मिळतात, त्यातली शेवटची पाच परत येण्यासाठी राखून ठेवावी लागतात. म्हणून दुसरी बॅटरी ही चैन मानू नये. पंख्यांचे दोन संच हवेत. शेजारशेजारचे पंखे उलटसुलट दिशांनी फिरतात आणि त्यांचा आकारही त्याप्रमाणे वेगळा असतो, चुकून अदलाबदल झाली तर ड्रोन उठण्याऐवजी जागेवर कोलमडतो. मिनी २ चे पंखे बारीक स्क्रूंनी बसवलेले असतात, तेव्हा चिमुकला स्क्रूड्रायव्हर पिशवीतच असू द्यावा. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने ड्रोन कपाटातच राहतो, त्या काळात बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये, निम्म्याच्या थोडी वर ठेवावी.

हलकेपणाची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. मिनी २ ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतो असे कंपनी सांगते, परंतु जमिनीवर शेंडेही हलत नसताना शंभर मीटरवर वारा जोरात असू शकतो. माझा नियम असा आहे की जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचे आणि येताना वाऱ्याबरोबर यायचे, कारण उलटे केले तर उतरलेल्या बॅटरीवर चढाई करावी लागते. घारी हा आणखी एक धोका, ज्याचा उल्लेख परदेशी परीक्षणांत क्वचितच सापडतो. घार ड्रोनभोवती घिरट्या घालू लागली की चित्रण सोडून मुकाट्याने खाली यावे.

कुठे उडवायचे हे डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी पाहावे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची २०० फुटांवर येते. त्याहून जवळ गेल्यास परवानगीचा प्रश्न येतो. लोहगावचा तळ हवाई दलाचा असल्यामुळे आणि लष्करी जागा शहरभर विखुरलेल्या असल्यामुळे पुण्यात घराच्या गच्चीवरून उडवण्याचा विचार बहुतेकांनी सोडून द्यावा. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. गडकिल्ल्यांचे चित्रण करण्याची आपल्याकडे सर्वांनाच ओढ असते, पण पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तूंवर ड्रोनसाठी आगाऊ परवानगी हवी, आणि ती नसताना गडावर बॅग उघडू नये. गावच्या जत्रेत पालखीवर ड्रोन नेण्याचा आग्रह मला दरवर्षी होतो. गर्दीच्या डोक्यावर २४९ ग्रॅमही मी नेत नाही.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी तीन वाक्ये. अमेरिकेत २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन हौसेसाठी उडवताना नोंदणी लागत नाही, फक्त ट्रस्ट ही मोफत ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र १ जानेवारी २०२६ पासून नोंदणी आणि परीक्षेची बंधने १०० ग्रॅमपासूनच सुरू होतात. युरोपीय संघात हलक्या ड्रोनलाही कॅमेरा असला की चालकाची नोंदणी करावी लागते.

यंत्र घरी आल्यावर पहिले आठ दिवस कॅमेऱ्याकडे लक्ष देऊ नये. सुगीनंतरचे मोकळे रान गाठावे, ड्रोन डोक्याइतक्या उंचीवर थांबवावा आणि त्याचे तोंड आपल्याकडे वळवावे. आता डावी-उजवी बाजू उलटी होते, आणि नवशिक्याचे निम्मे अपघात याच क्षणी होतात. चौकोन, मग वर्तुळ, मग आठचा आकडा, असा सराव तोंड आपल्याकडे असताना जमू लागला की मगच उंची वाढवावी. स्वतः परत येण्याची उंची प्रत्येक नव्या जागी नव्याने ठरवावी लागते. आमच्या विहिरीवर मी ती चाळीस मीटर ठेवतो, कारण बांधावरचे नारळ पंचवीस मीटरपर्यंत गेले आहेत आणि त्यांच्या पलीकडून विजेची तार जाते.