तुम्ही विचारलंत म्हणून : बेगमपुरा कुठे आहे?

रोहिदास जयंतीला मी बेगमपुऱ्यावर, म्हणजे संत रोहिदासांनी पदात कल्पिलेल्या शहरावर, बोलते. मग चहाच्या वेळी कुणी ना कुणी विचारतंच, "असं गाव कधी होतं का हो? मग नसलेल्या गावाचं काय घेऊन बसलात?"

नव्हतं. विशीत हेच मी दादांना ऐकवलं होतं. चामडं कापायची रापी चालवता चालवता ते रोहिदासांचं हेच पद म्हणायचे : दुःख नाही, मालावर कर नाही, दुसरा-तिसरा दर्जा नाही असं शहर. "गाण्यानं पोट भरतं का?" मी म्हटलं. दादा काही बोलले नाहीत.

तेव्हा मला थॉमस मोर या इंग्रज लेखकाचं 'युटोपिया' हे कल्पित आदर्श राज्यावरचं पुस्तक जवळचं वाटे. १५१६ सालचं. सहा तास काम, खाजगी मालमत्ता नाही, दारांना कुलूप नाही. मी हरखून वाचत होते, आणि एका पानावर आलं की जनावरं कापणं-धुणं शहराबाहेर, वाहत्या पाण्याकाठी, आणि ते काम गुलामांचं. नागरिकांनी त्याला हात लावायचा नाही. म्हणजे तिथेही गावकुसाबाहेर कुणीतरी होतंच.

मी अकरा वर्षांची असताना दादांबरोबर एका लग्नघरी गेले होते. नवरदेवाच्या चपलांचं माप घ्यायचं होतं. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर त्याचा पाय, आणि दादा वाकून पेन्सिल फिरवत होते. कागदाचं टोक मी धरलं होतं. मला तहान लागली, म्हणून उठून माजघराच्या उंबऱ्याशी गेले. आतून आवाज आला, "ए, तिथंच थांब!" दादांची पेन्सिल करंगळीपाशी थांबली. त्यांनी मान वर केली नाही. मग पेन्सिल पुढे सरकली.

त्या पदात एक ओळ आहे : 'महरम महल न को अटकावै'. महालातही कुणी कुणाला अडवत नाही. चामड्याचं काम करणाऱ्या माणसानं शहर कल्पिलं, तर त्यात हे मागितलं. याला पळवाट म्हणू नका. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ तमिळ संत नंदनार, रविदास (म्हणजेच रोहिदास) आणि चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला, तो काय उगाच?

पण खरं सांगायचं तर विशीतली मी अजून गप्प बसत नाही. उंबरा गाण्यानं ओलांडता आला नाही, त्याला कायदा लागला, आणि तोही सगळीकडे पोचलेला नाही. मागच्या वर्षी मुलगी शहरात खोली बघायला गेली. आडनाव ऐकून घरमालक "कळवतो" म्हणाले. रात्री फोनवर मी तिला ते पद म्हणून दाखवलं.

"आई, गाऊन खोली मिळते का?"

मी काही बोलले नाही.